टचस्क्रीन कुठल्या रकान्यात? इनपुट, आउटपुट, स्टोरेजची वाटणी पुन्हा तपासू या

निळाई:
नवशिक्यांना संगणक शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर तीन रकाने आखले जातात. इनपुटमध्ये कीबोर्ड, माउस, स्कॅनर, माइक. आउटपुटमध्ये मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर. स्टोरेजमध्ये हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड. मीही असंच शिकवते, आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, टचस्क्रीन कुठे लिहायचं?"

"दोन्हीकडे" असं पुस्तकी उत्तर आहे. पण पाठोपाठ प्रश्न येतात. मग वायफाय कार्ड कुठे? पेन ड्राइव्हमधून फाइल वाचली तर तो इनपुट नाही का? रॅमलाही मेमरी म्हणतात आणि मेमरी कार्डलाही, मग दोन्ही एकाच रकान्यात का नाहीत? हे प्रश्न विचारणारी मुलं बरोबर विचार करत असतात आणि आपण त्यांना "आत्ता एवढंच लक्षात ठेवा" म्हणून गप्प बसवतो, हे मला खटकतं.

माझं म्हणणं असं की हे रकाने वस्तूंचे नाहीतच, ते डेटाच्या प्रवासाचे आहेत. प्रत्येक उपकरणाला दोनच प्रश्न विचारायचे: डेटा कुठून कुठे चाललाय? आणि वीज गेल्यावर यात काय उरतं, किती काळ उरतं? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांचे फोटो, कागदपत्रं, वर्षानुवर्षांचं काम त्यावर अवलंबून असतं आणि पहिल्या धड्यात त्याचा उल्लेखही नसतो.

हार्डवेअरमधल्या जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर सांगा.

गुंडाळी:
टचस्क्रीनचं उत्तर सोपं आहे, ताई. ते एक उपकरण नाहीच, एकावर एक चिकटवलेली दोन आहेत. खाली चित्र दाखवणारं पॅनेल. वर काचेवर पारदर्शक वीजवाहकाची जाळी, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडची. बोट जवळ आलं की जाळीच्या त्या जागची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते आणि वेगळी चिप ते मोजते. दोघांचे सर्किट वेगळे, रिबन केबलही बऱ्याचदा वेगळी. म्हणून तर फोन पडल्यावर कधी चित्र स्वच्छ दिसतं पण स्पर्श लागत नाही, तर कधी स्क्रीन काळी पडते पण आंधळेपणाने बोट फिरवलं तर फोन प्रतिसाद देतो. दुरुस्तीच्या टेबलावर हे दोन्ही प्रकार नेहमी येतात.

आता उलट बाजू बघा. ज्याला आपण "फक्त इनपुट" समजतो तो कीबोर्ड. कॅप्स लॉकचा दिवा कोण लावतं? कीबोर्ड नाही. कीबोर्ड फक्त "ही कळ दाबली" एवढं कळवतो. ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते की कॅप्स आता चालू, आणि ती कीबोर्डला उलट एक बाइट (आठ बिट, म्हणजे आठ शून्य-एकांचा गट) पाठवते. त्या बाइटमधल्या बिटांवर दिवे लागतात. म्हणजे तो दिवा शुद्ध आउटपुट आहे. याचा उपयोगही होतो. स्क्रीन गोठली असेल तर कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे सिस्टिम अजून जिवंत आहे, थोडं थांबा. दिवा ढिम्म असेल तर बहुधा पॉवर बटनाला पर्याय नाही.

सायंतारा:
+१. आणि मॉनिटरही "फक्त आउटपुट" नाही. केबल जोडल्याबरोबर तो आपली ओळख संगणकाला पाठवतो: कुठलं रिझोल्यूशन चालतं, किती हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं), रंग कसे. मूळ माहिती अवघी १२८ बाइटची असते, नवीन मॉनिटरमध्ये त्याला जोड असते. ती नीट पोचली नाही, म्हणजे केबल खराब असेल किंवा मधला कन्व्हर्टर स्वस्तातला असेल, की चित्र ढोबळ दिसू लागतं आणि आपण विनाकारण ग्राफिक्स कार्डला दोष देतो. प्रिंटरही "कागद संपला" हे सांगतोच की.

दगडी_पाटी:
मुद्दा पटतो, पण शिकवण्याच्या दृष्टीने थोडा विरोध नोंदवतो. नवशिक्याला पहिल्या तासाला कॅप्स लॉकच्या दिव्याचा बाइट सांगितला तर तो घाबरेल. उपकरण मुख्यतः कशासाठी बनवलंय त्यावरून रकाना ठरवावा, अपवाद नंतर सांगावेत. परीक्षेतही तेच विचारतात.

निळाई:
दगडी_पाटी, परीक्षेचं बंधन मलाही आहे. पण माझा अनुभव वेगळा आहे. गुंडाळींनी सांगितला तसला एखादा प्रयोग हाताने करून बघितला की मुलं घाबरत नाहीत, उलट तेच लक्षात राहतं. रकाने पाठ केलेले महिन्याभरात पुसले जातात.

गुंडाळी, कळ दाबल्यावर नक्की काय घडतं ते जरा सविस्तर लिहाल का? मला ते वर्गात वापरायचं आहे.

गुंडाळी:
लिहितो. साधा कीबोर्ड उघडून बघा. शंभरावर कळा असतात पण शंभर तारा नसतात. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक कळ एका आडव्या आणि एका उभ्या रेषेच्या छेदावर बसलेली असते. कीबोर्डमधली छोटी चिप एकेका ओळीला क्रमाने सिग्नल देते आणि कुठल्या उभ्या रेषेतून तो परत येतो ते बघते. सगळी जाळी ती सेकंदाला शेकडो वेळा चाळते.

कळ दाबली की धातूचा स्पर्श एकदम पक्का होत नाही. काही मिलिसेकंद तो थरथरतो: लागला, सुटला, लागला. चिप तेवढा वेळ थांबून खात्री करते, नाहीतर एकदा दाबलेल्या कळीचे चार 'क' उमटतील. जुन्या कीबोर्डवर एकच अक्षर दोनदा उमटायला लागतं ते याचमुळे. स्पर्शबिंदू झिजलेला असतो आणि थरथर चिपच्या अंदाजापेक्षा लांबते.

मग चिप पाठवते एक आकडा. अक्षर नाही, आकडा. यूएसबी कीबोर्डवर इंग्रजी 'के'च्या कळीचा आकडा १४ आहे, मग त्या कळीवर काहीही छापलेलं असो. इन्स्क्रिप्ट (मराठी टाइप करायची एक कळमांडणी) निवडलं असेल तर त्याच १४ चा 'क' होतो, शिफ्टसोबत 'ख'. हे भाषांतर सगळं संगणकाच्या बाजूला होतं. म्हणून कळांवर मराठी अक्षरं छापलेला कीबोर्डच हवा असं काही नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. यूएसबी कीबोर्ड आपणहून काही बोलत नाही. संगणक त्याला ठरावीक अंतराने, साध्या कीबोर्डला साधारण ८ ते १० मिलिसेकंदांनी, विचारत राहतो आणि कीबोर्ड त्याला उत्तर देतो. सर्वांत साध्या पद्धतीतलं उत्तर ८ बाइटचं असतं: एक शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांसाठी, एक राखीव, आणि उरलेले सहा दाबलेल्या कळांसाठी. म्हणून अशा कीबोर्डवर एकाच वेळी सहाच साध्या कळा ओळखल्या जातात. खेळांसाठीचे कीबोर्ड यापुढे जातात, आणि त्यांतल्या अनेकांना संगणक सेकंदाला १००० वेळा विचारतो.

चांदणचूर:
हे फार आवडलं. वाचनखूण साठवली.

माउसचं थोडं मी सांगतो. ऑप्टिकल माउसच्या पोटात बारीक कॅमेरा असतो. दिवा टेबलाचा पृष्ठभाग तिरका उजळतो, कॅमेरा सेकंदाला हजारो चित्रं घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांत खुणा किती सरकल्या ते चिप मोजते. म्हणून स्वच्छ काचेवर तो अडखळतो, तिथे त्याला खुणाच सापडत नाहीत. माउस कधीही "मी कुठे आहे" हे सांगत नाही, फक्त "किती सरकलो" हे सांगतो. उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण तिथेच राहतो. चित्रकारांचा ग्राफिक्स टॅब्लेट याच्या उलट. तो नेमकी जागा सांगतो, म्हणून पेन कोपऱ्यात टेकवलं की बाण थेट कोपऱ्यात.

पहिला माउस १९६४ साली डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी बनवला. लाकडी खोकं आणि खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक आडव्या सरकण्यासाठी आणि एक उभ्या. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला गेला.

पारवा:
आउटपुटवर कुणीच फारसं बोलत नाहीये, म्हणून प्रिंटरबद्दल दोन शब्द. नवीन प्रिंटर घेताना लोक इंकजेट की लेसर विचारतात आणि उत्तर त्यांच्या रचनेतच आहे. इंकजेटमध्ये द्रव शाई केसाहून बारीक छिद्रांतून उडवली जाते. काही जातींत शाई क्षणभर तापवून बुडबुडा करतात, काहींत विजेने आकार बदलणारा स्फटिक ती ढकलतो. दोन्हीकडे छिद्रं उघडी असतात, त्यामुळे प्रिंटर महिनोन्‌महिने पडून राहिला की शाई वाळते. लेसरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत भुकटी. ड्रमवर विद्युतभार असतो, लेसर त्यावर चित्र काढतो, भुकटी त्या चित्राला चिकटते, तिथून कागदावर येते आणि साधारण २०० अंश सेल्सियसच्या रोलरखाली वितळून बसते. भुकटी वाळत नाही. क्वचित छापणाऱ्याने लेसर घ्यावा, फोटो छापायचे असतील तर इंकजेट आणि आठवड्यातून एखादं रंगीत पान.

दगडी_पाटी:
पारवा, खूप स्पष्ट. आता निळाईताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वीज गेल्यावर काय उरतं? मला तोच खरा रकाना वाटायला लागलाय.

चुंबक:
याची वाटच बघत होतो. माझं काम डेटा परत मिळवण्याचं आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

रॅमपासून सुरू करू. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), आणि तो सतत गळत असतो. त्यामुळे वीज चालू असतानाही दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की भरणं थांबतं आणि सगळं विरतं. मुलांना सांगायचं असेल तर एवढंच सांगा: रॅमला आठवण ठेवण्यासाठी सतत वीज लागते, हार्ड डिस्कला लागत नाही. दोन्हींना मेमरी म्हटलं तरी फरक इथे आहे.

हार्ड डिस्कमध्ये बिट म्हणजे चकतीवरच्या बारीक भागाची चुंबकीय दिशा. ती विजेशिवाय टिकते. अडचण आहे ती यांत्रिक. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) चकती एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत घेते, म्हणजे हवा तो भाग डोक्याखाली (चकती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद, वर डोकं सरकायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना ती सेकंदाला शंभर-दीडशे उड्यांच्या पुढे फारशी जात नाही, मग प्रोसेसर कितीही वेगवान असो. जुन्या लॅपटॉपला एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) बसवली की तो नवा वाटतो तो याचमुळे. आणि ते डोकं चकतीपासून काही नॅनोमीटरवर हवेच्या थरावर तरंगत असतं. फिरत असताना बसलेला एक धक्का किती महाग पडू शकतो ते यावरून कळेल.

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली, रामॅक संगणकासोबत. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या वर, आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आजच्या फोनमधला एक फोटो कदाचित त्यात बसणार नाही.

एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड हे तिघं एकाच घराण्यातले. यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. इलेक्ट्रॉन किती, त्यावरून बिट ठरतो. एका पेशीत (इलेक्ट्रॉन कोंडायच्या एका सूक्ष्म कप्प्यात) एक बिट असेल तर दोनच पातळ्या ओळखायच्या असतात. तीन बिट असतील तर आठ पातळ्या, चार असतील तर सोळा. स्वस्त आणि मोठ्या ड्राइव्हमध्ये तीन किंवा चार बिट असतात. थोडीशी गळती झाली तरी शेजारच्या दोन पातळ्या एकमेकींत मिसळतात. पेशी जितकी वापरलेली आणि जागा जितकी उष्ण, तितकी गळती जास्त.

जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा निकष असा आहे: साध्या वापरातल्या एसएसडीने, ठरवून दिलेलं सगळं लिखाण होऊन गेल्यानंतरही, विजेशिवाय ३० अंश सेल्सियसला १ वर्ष डेटा टिकवावा. सर्व्हरच्या ड्राइव्हसाठी ४० अंशांना ३ महिने. नवी, कमी वापरलेली ड्राइव्ह याहून खूप जास्त टिकते, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण "एसएसडीत टाकलं, कपाटात ठेवलं, काम झालं" हे समीकरण सोडून द्या.

पिंपळपान:
चुंबक, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे वडिलांनी काढलेले फोटो आहेत, काही सीडीवर, काही एका जुन्या साडेतीन इंची हार्ड डिस्कवर. आता सगळं एका मोठ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायचा विचार होता. मग काय करू?

चुंबक:
पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक, जपण्यासाठी नको. त्यांतली फ्लॅश, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडणारी चिप, बऱ्याचदा हलक्या प्रतीची असते आणि आपली तब्येत कळवण्याची सोय त्यात सहसा नसते. नवीन हार्ड डिस्क घ्या, दोन घ्या, दोन्हीवर तेच ठेवा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. वर्षातून एकदा जोडून सगळ्या फाइल वाचून घ्या. ३-२-१ नियम याहून थोडा कडक आहे: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, १ दुसऱ्या जागी. क्लाउडवर एक प्रत ठेवली तर वेगळं माध्यम आणि वेगळी जागा दोन्ही साधतात.

सीडी आधी उतरवा. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि तो प्रकाशाने, उष्णतेने बिघडतो. वाचताना अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, पुष्कळदा एक ड्राइव्ह वाचत नाही ते दुसरा वाचतो.

सायंतारा:
मोठा पेन ड्राइव्ह घेतलाच असेल तर आधी तपासा. खोट्या क्षमतेचे पुष्कळ फिरतात. आत ३२ जीबीची चिप आणि कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) शिकवलेलं असतं की "५१२ जीबी आहे" असं सांग. पहिले ३२ जीबी नीट जातात. पुढचा डेटा एकतर हवेत जातो किंवा आधीच्यावर लिहिला जातो. फाइलींची नावं सगळी दिसतात, त्यामुळे संशयही येत नाही. खात्रीचा उपाय एकच, पूर्ण भरायचा आणि पुन्हा वाचून ताडून बघायचा. एफ३ आणि एच२टेस्टडब्ल्यू ही फुकट साधनं तेच करतात. वेळ लागतो, पण करा.

चांदणचूर:
अवांतर: १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती मात्र फसवणूक नाही. बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरतात, विंडोज १०२४ ने तीनदा भागते. फ्लॉपीची तर गंमतच आहे. १.४४ एमबी म्हणजे १४,७४,५६० बाइट. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट, गुणून बघा. हा आकडा १०२४ च्या हिशोबातही १.४४ येत नाही, १००० च्याही नाही. एकदा १०२४ आणि एकदा १००० ने भागलं तरच येतो.

निळाई:
हा गुणाकार वर्गात नक्की घेणार.

एक विचारायचं होतं. पेन ड्राइव्ह काढण्याआधी "सेफली रिमूव्ह" म्हणणं खरंच गरजेचं आहे का? मुलं कॉपी संपली की सरळ ओढून काढतात.

गुंडाळी:
गरजेचं आहे, आणि चुंबकांनी रॅमबद्दल लिहिलं त्याच्याशी ते जोडलेलं आहे. "कॉपी पूर्ण" असं दिसलं तरी शेवटचा भाग अजून रॅममध्येच असू शकतो, ड्राइव्हवर उतरायचा असतो. लिनक्सवर हे हमखास अनुभवाला येतं: पट्टी भरते, आणि इजेक्ट म्हटल्यावर मिनिटभर थांबावं लागतं. विंडोजने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी असं राखून ठेवणं मुळातच बंद ठेवलंय, त्यामुळे तिथे धोका कमी झाला. तरी एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसलेला असू शकतो. सवय ठेवलेली बरी.

पिंपळपान:
ती जुनी डिस्क शोधून काढली. मागे रुंद, दोन ओळी पिनांचं सॉकेट आहे. आताच्या संगणकाला कुठेच लागत नाही. फेकायची नाहीये.

चुंबक:
ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची डिस्क. फेकू नका. आयडीई ते यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण त्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ च मिळतात. सॉकेटशेजारी छोटा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असेल, तो "मास्टर"वर ठेवा. जंपर कुठे लावायचा त्याचा तक्ता डिस्कच्याच लेबलवर छापलेला असतो.

वीज देताना डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि नंतर हलवू नका. चकती फिरल्याचा एकसलग आवाज आला तर चांगलं. टक्-टक्-टक् असा एका लयीत आवाज येत राहिला तर त्याच क्षणी वीज काढा आणि पुन्हा प्रयत्न करू नका. तसं चालू ठेवलं तर डोकं चकतीचा थर खरवडू शकतं, आणि मग आमच्यासारख्यांच्याही हाती काही उरत नाही. विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा.

पिंपळपान:
मास्टरवर जंपर लावल्यावर डिस्क दिसली! आवाज एकसलग आहे. फोल्डर उघडतायत. सगळंच एकदम कॉपीला लावू का?

चुंबक:
नको. आधी फोटोंचे फोल्डर एकेक करून घ्या, सगळ्यांत मोलाचे सर्वांत आधी. प्रोग्राम, गाणी वगैरे शेवटी. एखाद्या फाइलवर अडकली तर ती वगळून पुढे जा, तिथेच पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका. डिस्क हाताला फार गरम लागली तर बंद करून थंड होऊ द्या. आणि नव्या दोन्ही डिस्कवर उतरल्यावर काही फोटो प्रत्यक्ष उघडून बघा, नुसती नावं मोजू नका. जुनी डिस्कही पुसू नका, ती तिसरी प्रत म्हणून तशीच राहू द्या.